बुलबुलने टांगत्या कुंडीत संसार मांडलाय, आता?

प्रश्न : बाल्कनीतल्या टांगत्या कुंडीत, मनीप्लांटच्या वेलात बुलबुलने घरटं केलंय. तीन अंडी आहेत. पाणी कसं घालू? कुंडी जरा आडोशाला सरकवली तर चालेल का? – एक वाचक, ठाणे

कुंडी मुळीच हलवू नका. पक्षी जागा लक्षात ठेवतात. दोन-चार फुटांवर नेलेलं घरटंही त्यांना सापडेलच याची खात्री नसते. बुलबुलची अंडी साधारण 14 दिवसांनी फुटतात आणि पिल्लं पुढे 12 ते 14 दिवसांत घरटं सोडतात. म्हणजे जेमतेम महिन्याभराची गैरसोय आहे.

पाणी सकाळी, मादी उठून गेली की घाला. भर दुपारी तिला उठवलंत तर अंड्यांवर ऊन येतं. लांब तोटीची झारी घ्या आणि कुंडीच्या कडेकडेने, थेंब थेंब मुरेल असं पेलाभर पाणी सोडा. घरट्याचा तळ ओला राहिला तर अंडी गार पडतात. मनीप्लांट चार दिवस तहानेला राहिला तरी काही बिघडत नाही, त्यामुळे शंका असेल त्या दिवशी पाणी चुकवा. वेल छाटू नका, पिवळी पानंसुद्धा तशीच असू द्या. त्यांचाच आडोसा असतो.

बुलबुलची बरीचशी घरटी कावळा, भारद्वाज किंवा मांजर यांच्यामुळे मोडतात. कावळा माणसांवरही नजर ठेवून असतो. तुम्ही दर तासाला फोटो काढायला गेलात, पक्षी दरवेळी ओरडत उडाला, की ठिकाण त्याला आयतंच कळतं. काचेआडून बघा. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा कुंडीवर येत असेल तर मध्ये पुठ्ठा उभा करा, पण तोही पक्षी नसताना, दोन मिनिटांत. मुंग्यांची रांग लागली तर औषध मारू नका. टांगायच्या तारेला अगदी वर, हुकाजवळ, बोटभर व्हॅसलिन लावा. घरट्याजवळ ते नको, पिसांना चिकटतं.

पिल्लं उडून गेल्यावर घरटं हातमोजे घालून काढा. त्यात माइट नावाचे बारीक किडे असू शकतात आणि ते माणसालाही चावतात.

प्रश्न : चिमण्यांसाठी लाकडी घरटं लावून दोन वर्षं झाली. एकही चिमणी आली नाही. – एक वाचक, सोलापूर

आधी भोक मोजा. 32 मिलिमीटर व्यास चिमणीला पुरतो. 5 सेंटिमीटरचं भोक असेल तर साळुंकी शिरते. शोभेच्या घरट्यांना पुढे बसायला दांडी असते, ती कापून टाका. चिमणीला तिची गरज नाही, घुसखोराला मात्र टेकायला सोय होते. आतला तळ साधारण 15 बाय 15 सेंटिमीटर आणि भोक तळापासून 13-15 सेंटिमीटर वर हवं. तळाला निचऱ्यासाठी चार बारीक भोकं ठेवा. आतून रंग किंवा पॉलिश नको. पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं घरटं सोलापूरच्या एप्रिलमध्ये भट्टी होतं, ते काढाच.

जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीवर, छज्जाखाली, पश्चिमेचं ऊन येणार नाही अशा भिंतीला घट्ट बसवा. वाऱ्याने झुलणारं घरटं चिमण्या टाळतात. चिमण्या जवळजवळ घरटी करतात, म्हणून दोन-तीन एका रांगेत लावली तर बरं.

एवढं करूनही घरटं रिकामं राहू शकतं, कारण परिसरात चिमण्याच नसतील तर घरट्याने त्या येत नाहीत. त्या असतील, तर बाजरी-कणीपेक्षा किडे महत्त्वाचे. पिल्लांना सुरुवातीला मऊ अळ्या आणि मावा, म्हणजे झाडांवरचे बारीक किडेच भरवतात. जास्वंदीवर मावा दिसला की फवारणी करणारे आणि चिमणी का येत नाही असं विचारणारे बहुधा एकाच घरात राहतात! फार झाला तर पाण्याच्या धारेने धुवा.

प्रश्न : पिल्लू खाली पडलं तर दूध-पाणी द्यावं का? – एक वाचक, कोल्हापूर

नाही. दूध पचत नाही आणि ड्रॉपरने पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. पिल्लू उघडंवाघडं असेल तर उचलून घरट्यात ठेवा; हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत. घरटंच पडलं असेल तर तळाला भोकं असलेल्या छोट्या टोपलीत काथ्या घालून ती त्याच जागी बांधा. नायलॉनचा दोरा नको, पायात अडकतो. अंगावर पिसं, आखूड शेपूट आणि टुणटुण उड्या असतील तर ते पडलेलं नाही, बाहेर निघालंय. झुडपात ठेवा, मांजर आत कोंडा, बाजूला व्हा. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : दयाळ पक्षी सकाळभर खिडकीच्या काचेला चोची मारतो. – एक वाचक, पुणे

विणीच्या दिवसांत काचेतलं प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटतं. काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा. आतून गडद पडदा लावलात तर प्रतिबिंब आणखी ठळक होतं. गाडीच्या आरशांना कापडी पिशव्या घाला.