दोन्हीकडचा कौल वेगवेगळा मोजा

प्रश्न : सणांच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. सगळे माना डोलावतात आणि आठवडाभरात वातावरण पुन्हा तापतं. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांचा रक्तपात थांबला. तिथल्या पुढाऱ्यांनी नेमकं काय केलं? — एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : सगळ्यात आधी मतं मोजण्याचा नियम बदलला. वाटाघाटीत नुसतं बहुमत पुरत नसे. ब्रिटनसोबत राहू पाहणारे आणि आयर्लंडशी जोडले जाऊ पाहणारे, दोन्हीकडे वेगवेगळं बहुमत लागे. त्यामुळे ‘आमच्यावर लादलं’ म्हणायची सोय राहिली नाही. १९९६ची निवडणूकही पहिल्या दहा पक्षांना चर्चेत जागा मिळेल अशी आखली होती, म्हणून सशस्त्र टोळ्यांशी नातं असलेले दोन छोटे पक्षसुद्धा आत आले. हिंसेचा मार्ग सोडण्याची तत्त्वं मात्र प्रत्येकाला मान्य करावी लागत.

१० एप्रिल १९९८ला करार झाला. २२ मेच्या सार्वमतात उत्तर आयर्लंडमधल्या ७१ टक्के मतदारांनी होकार दिला. खरी कसोटी पुढाऱ्यांच्या स्वतःच्या घरात होती. आयर्लंडशी जोडले जाऊ पाहणाऱ्यांपैकी हिंसेला विरोध करणाऱ्या पक्षाचे नेते जॉन ह्यूम १९८८पासून, सशस्त्र संघटना आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाचे गेरी ॲडम्स यांच्याशी बोलत होते आणि त्यापायी शिव्या खात होते. ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्यांचे नेते डेव्हिड ट्रिंबल यांच्या पक्षातच फूट होती.

आता चुकलं कुठे तेही बघा. शस्त्रं खाली ठेवण्याबाबत करारात दोन वर्षांची मुदत होती, पण पक्षांनी ‘आपलं वजन वापरावं’ इतकंच बंधन होतं. आयआरएची शस्त्रं पूर्ण निकामी व्हायला २००५ उजाडलं, आणि २००२ ते २००७ करारातून उभी राहिलेली विधानसभा स्थगित राहिली. शिवाय सरकारला दोन्हीकडचा एकेक असे दोन प्रमुख असतात, आणि त्यांपैकी एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. त्यातूनच २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ कारभार अडला.

तुमच्या समितीपुरतं सांगायचं, तर ठाण्यातली बैठक शेवटी ठेवा. आधी दोन्ही वस्त्यांत वेगळ्या बैठका घ्या आणि तिथे नेहमीच्या मंडळींऐवजी मुलं ज्यांचं ऐकतात त्यांना बोलवा. मग मिरवणुकीचा रस्ता, वाद्यं बंद करायची जागा, वेळ आणि अफवा आली तर दोन्हीकडचं कोण कोणाला फोन करणार, हे नावानिशी लिहून सह्या घ्या. ‘सहकार्य करू’ असं मोघम वाक्य आलं की तिथेच थांबून विचारा, कोण, कधी?