ढेपीच्या पोत्याचा डायनोसॉर

प्रश्न : ताई, माझ्या मुलाला श्रावणात सहा वर्षं पूर्ण होतात. मोबाईलवर काहीतरी पाहिलं अन् तेव्हापासून वाढदिवसाला डायनोसॉर पाहिजे म्हणजे पाहिजेच म्हणून रडून राह्यला. डेकोरेशनवाल्यानं नुसत्या कटआउटचे दीड हजार सांगितले, तेही थर्माकोलचा. निंदणाच्या दिवसात एवढे पैसे कुठून काढायचे? मागे एकदा रद्दीचा लगदा करून वाघाचं तोंड बनवलं होतं, पण झड लागली, चार दिवस वाळलंच नाही, वास सुटला अन् बुरशी आली. घरी पोती, बाटल्या, तुराट्या, पेपर सगळं पडलं आहे. यातून काही जमेल का?
— एक आई, वणी तालुका

उत्तर : जमते बाई, चांगलं जमते. दीड हजार तर देऊच नका, अन् थर्माकोलच्या सजावटीवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे हे त्या भाऊला सांगा एकदा.

तुमची चूक एकच झाली, झडीच्या दिवसात लगदा घेतला. लगद्याचा जाड थर बाहेरून कोरडा वाटतो अन् आतून ओलाच राहतो, मग बुरशी येणारच. पावसाळ्यात सगळं अंग कोरड्या सामानाचं करायचं अन् ओलं काम फक्त वरच्या कातडीपुरतं ठेवायचं.

अंगासाठी ढेपीचं, म्हणजे जनावरांच्या पेंडीचं, रिकामं पोतं घ्या. खताचं नको, कारण पोत्यात आपण भरणार आहोत कुटार, म्हणजे भुसा, अन् ते नंतर गोठ्यात परत जाईल. सोयाबीनचं कुटार अंगाला खाजवते, गव्हाचं असेल तर बरं. दाबून दाबून भरा, नाहीतर डायनोसॉर उपाशी दिसतो. पोत्यातून आरपार बांबूची एक लांब कामटी घाला, दोन्ही बाजूंनी हात-हात बाहेर राहील अशी, अन् तोंड दाभणानं सुतळी घालून शिवून टाका. मान अन् शेपटीला तुराटी वापरू नका, ती वाकत नाही, कटकन मोडते. कामटी वाकते. आता पाण्याच्या बाटल्यांचे बूड कापा अन् एकीच्या बुडात दुसरीचं तोंड अशा त्या कामटीवर ओवत जा, शेपटीकडे मोठ्या बाटलीपासून लहान करत न्या. पायाला तुराटीच्या चार जुड्या बांधा, वरून खोक्याचा पुठ्ठा गुंडाळा, पण त्यातल्या नळ्या आडव्या आल्या तर तो मोडतो, म्हणून नळ्या पायाच्या उंचीकडे येतील असा धरून गुंडाळायचा.

पायांच्या भरवशावर मात्र तो उभा राहत नाही हे मी अनुभवानं सांगते, माझा डायनोसॉर केक कापायच्या आधीच एका बाजूला बसला होता. पाठीला सुतळी बांधून आढ्याला ताणून घ्या, पाय नुसते टेकलेले राहू द्या.

अन् पुढचे पाय लांब ठेवा बरं का. काऊन, तर तुमची वर्धा नदी ओलांडली की वरोरा तालुका, तिथल्या डोंगरगावच्या टेकडीत 1980 च्या दशकात खऱ्या डायनोसॉरचा सांगाडा निघाला आहे! कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी काढला, अन् त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरूनच त्याला आज इसिसॉरस म्हणतात. त्याच्या पुढच्या पायाचं वरचं एक हाड 148 सेंटिमीटर, म्हणजे तुमचं पोट्टं बाजूला उभं केलं तर हाडच उंच भरेल. पाला खाणारा होता, म्हणून मोठे दात लावू नका. जवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते, तिच्यात गवताचे अंश निघाले हे 2005 मध्ये छापून आलं, त्याआधी डायनोसॉरच्या काळात गवत होतं असं फारसं कोणी धरत नव्हतं. पोट्ट्याला हे सांगा, विष्ठेचं ऐकून तो खूश होईल.

या इसिसॉरसचं डोकं मात्र सापडलेलंच नाही. म्हणून तोंड कसं करायचं ते पोरावर सोडा, चुकलं म्हणणारा कोणी नाही. चपलेचं जुनं खोकं किंवा अर्ध्या लिटरची बाटली, डोळ्याला झाकणं.

कातडीसाठी खळ करा. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात कालवून घ्यायचा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा अन् काचेसारखा दिसेपर्यंत हलवायचा, चमचाभर मीठ टाकलं तर बुरशी जरा उशिरा येते. पेपर कैचीनं कापू नका, हातानं फाडा, फाटलेली कड सपाट बसते. बाटल्यांवर, पुठ्ठ्यावर अन् पोत्यावर फक्त दोनच थर, पहिला पंख्याखाली पुरता वाळल्यावरच दुसरा. प्लास्टिकवर आपला रंग धरत नाही म्हणून हा पेपर लागतोच. खळीच्या वासानं उंदीर येतात अन् बकरी तर येतेच, आमच्या शेजारच्या बकरीनं अर्धी शेपटी खाल्ली होती, तेव्हा वाळेपर्यंत उंच टांगून ठेवा.

रंग विकत आणू नका. पोळा तोंडावर आहे, घरात गेरू निघेलच, बैलाच्या शिंगाचा रंग अन् बेगडाचे तुकडेही उरतील. गेरूत थोडी खळ मिसळली की हाताला लागत नाही. बेगडाचे तुकडे पाठीवर चिकटवा, बल्बच्या उजेडात असा चमकतो की पोट्टे केक सोडून तिकडेच पळतात. मेणबत्ती मात्र त्याच्यापासून लांब, आत कुटार अन् बाहेर कागद आहे.

कार्यक्रम झाला की पोत्याची शिवण उसवा, कुटार बैलाला, बाटल्या भंगारवाल्याला. मुंडकं तुमचं पोरगं देणार नाही, त्याला तुराटीवर लावून तान्ह्या पोळ्यात नेऊ द्या.