वाचकांचे प्रश्न : मेटाडेटाचं टूल घेताना

प्रश्न : नमस्कार ताई. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचा शेतीपंपांचा कारखाना आहे. मी तिथे आयटी सांभाळतो, विभागात आम्ही चौघंच. ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालतं, हिशेब टॅलीत, डीलरांचं ॲप मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर, रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये. दर महिन्याच्या आढावा बैठकीत विक्रीचे तीन आकडे समोर येतात आणि कोणाचा खरा यातच अर्धी बैठक संपते. मालकांनी मेटाडेटा मॅनेजमेंटचं, म्हणजे डेटाबद्दलची माहिती सांभाळणारं, टूल घ्यायला सांगितलंय. एका कंपनीचं कोटेशन आलंय, वर्षाला बरेच लाख. आमच्यातला एक मुलगा म्हणतो, फुकटची ओपन सोर्स टूल्स आहेत : अपाचे ॲटलास, डेटाहब, ओपनमेटाडेटा. कोणतं घ्यावं?

उत्तर : दादा, आधी निकाल सांगते, मग कारणं. तुमच्या जागी मी असते तर ओपनमेटाडेटा एका सर्व्हरवर उभं केलं असतं आणि ते कोटेशन सहा महिने कपाटात ठेवलं असतं. पण त्याही आधी एक कागद घेऊन बसले असते. त्या कागदाबद्दल सविस्तर लिहिते, कारण टूलची निवड तिथेच होते.

तुमचे तीन आकडे कुठून येतात याचा मला अंदाज आहे. ईआरपीची विक्री म्हणजे कारखान्यातून डीलरला गेलेला आणि बिल झालेला माल. डीलर ॲपची विक्री म्हणजे डीलरने शेतकऱ्याला विकलेला पंप. टॅलीतल्या विक्रीतून परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा वजा झालेल्या असतात. तुम्ही पीएम-कुसुमसारख्या योजनेत सौरपंप देत असाल तर चौथा गुंताही असेल : पंप पाठवला तेव्हा विक्री धरायची, की शेतात बसवून चालू झाला तेव्हा? हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. बैठकीत भांडण होतं, कारण कुठल्याच आकड्याखाली तो काय मोजतो हे लिहिलेलं नसतं.

मालकांना मेटाडेटा समजावताना सातबारा पुढे ठेवा. सातबारा म्हणजे जमीन नव्हे. जमीन कोणाची, किती, तिच्यात काय पिकतं, तिच्यावर कुणाचा बोजा आहे, याची ती नोंद. मेटाडेटा ही तशीच डेटाबद्दलची नोंद. आणि सातबाऱ्यावर नाव कसं आलं हे पाहायचं तर फेरफार काढावा लागतो. त्या फेरफारासारखंच, तुमच्या रिपोर्टमधला आकडा कुठल्या टेबलातून निघाला, वाटेत कुठे बदलला, हे दाखवणाऱ्या भागाला टूलवाले लिनिएज म्हणतात. तुम्हाला लागणारं टूल निम्म्याहून जास्त या लिनिएजसाठी लागणार आहे.

आता तो कागद. विक्री, वसुली, स्टोअर आणि सर्व्हिस, या चार विभागांत जाऊन बसा आणि विचारा, आकड्यांबद्दल तुम्हाला कोणते प्रश्न वारंवार पडतात? त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवा. ‘डीलरची येणं बाकी कुठल्या तारखेपर्यंतची?’ ‘हा रिपोर्ट कोणी बनवला आणि तो आता चालू आहे का?’ ‘पहिली तिमाही एप्रिलपासून की जानेवारीपासून?’ शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. चाकणमधल्या परदेशी मालकीच्या एका कारखान्यात मी काम करत होते, तिथे मुख्यालयाची पहिली तिमाही जानेवारी ते मार्च आणि इथल्या अकाउंट्सची एप्रिल ते जून. दोन्ही रिपोर्टांवर ‘क्यू वन’ एवढंच छापलेलं असे.

तुमच्या धंद्यातलं आणखी एक ठिकाण मुद्दाम तपासा. पंपाच्या रेटिंगच्या रकान्यात कुठे 5 आणि कुठे 3.7 असं भरलेलं आहे का? पाच एचपी म्हणजेच सुमारे 3.7 किलोवॅट. दोन्ही एकाच रकान्यात असतील आणि एकक लिहिलेलं नसेल, तर सरासरी काढणाऱ्याला चुकीचं उत्तर मिळेल आणि ते चुकलंय हे कळणारही नाही. असा रकाना टूल स्वतःहून ओळखून देईल ही आशा ठेवू नका. तो सर्व्हिसमधल्या जुन्या माणसालाच माहीत असतो. त्याच्याकडून लिहून घ्यायचं आणि ते टूलमध्ये अशा जागी ठेवायचं की नव्या मुलाला शोधताच सापडेल.

मग टूल. अपाचे ॲटलास हडूपच्या, म्हणजे अनेक संगणकांवर पसरलेला प्रचंड डेटा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या, जगातून आलेलं आहे. त्यातली हाइव्ह आणि एचबेस ही साधनं वापरणाऱ्या मोठ्या बँकेला ते शोभतं. तुमच्याकडे हडूप नाही, तर केवळ ॲटलास चालवण्यासाठी एचबेस, सोलर (Solr, शोधाचं इंजिन) आणि काफ्का (संदेश वाहून नेणारी प्रणाली) सांभाळत बसणं चौघांच्या विभागाला परवडणार नाही. डेटाहब लिंक्डइनमध्ये तयार झालं आणि 2020 मध्ये ओपन सोर्स म्हणून बाहेर आलं. चांगलं आहे, बदल घडताच नोंदवण्यात तरबेज आहे, पण त्याच्या मुळाशी काफ्का आहे. काफ्का बिघडला तर रात्री कोण उठणार, हे तुम्ही स्वतःला विचारा. ओपनमेटाडेटा त्यामानाने आटोपशीर : साठवणीला मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस, शोधासाठी इलॅस्टिकसर्च आणि माहिती गोळा करायला एअरफ्लो. डॉकरवर, म्हणजे सॉफ्टवेअर तयार पेटीतून चालवायच्या सोयीवर, उभं करून पाहता येतं. एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पॉवर बीआय, तिन्हींचे कनेक्टर, म्हणजे जोडणीचे तयार भाग, त्यात आहेत. टॅलीचा नाही. त्यासाठी टॅलीतला डेटा रोज रात्री एसक्यूएल सर्व्हरच्या एका वेगळ्या स्कीमात (टेबलांच्या वेगळ्या कप्प्यात) उतरवा आणि त्या स्कीमाची नोंद टूलमध्ये करा.

फुकट म्हणजे खर्च नाही असं मालकांना सांगू नका. सर्व्हर लागेल, बॅकअप लागेल, नवी आवृत्ती आली की चाचणी लागेल आणि तुमच्यापैकी एकाचा आठवड्यातला ठरलेला वेळ लागेल. तो वेळ देणं शक्य नसेल तर विकतच्या टूलचा विचार रास्त आहे. सगळा कारभार मायक्रोसॉफ्टवरच हलवायचा बेत असेल तर आधी पर्व्ह्यू हे त्यांचंच टूल पाहा. कोलिब्रा, अलेशन ही विकतची टूल्स ताकदीची आहेत, पण ज्यांच्याकडे व्याख्या मंजूर करायला स्वतंत्र माणसं आहेत अशा कंपन्यांना ती पेलतात.

विकतचं बघा किंवा फुकटचं, डेमो मात्र त्यांच्या नमुन्याच्या डेटावर पाहू नका. त्या डेटावर सगळंच सुंदर दिसतं. तुमच्या ईआरपीतली सर्वांत लांबलचक, सर्वांत जुनी स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला आज्ञांचा संच) काढा, चाचणी सर्व्हरवर ठेवा आणि म्हणा, हिचं लिनिएज दाखवा. रकान्याच्या पातळीवर दाखवा, टेबलापर्यंत येऊन थांबू नका. प्रोसिजरच्या आत स्ट्रिंग जोडून जोडून एसक्यूएल बनवलेलं असेल तर तिथे बहुतेक टूल्स अडतात, कारण चालेपर्यंत ती क्वेरी अस्तित्वातच नसते. अडणं हा दोष नाही. अडलो हे टूल स्पष्ट दाखवतं, की तुटलेली साखळी अखंड असल्यासारखी रंगवतं, ते पाहा. दुसऱ्या प्रकारचं टूल मी कुठल्याही किमतीला घेणार नाही. आणि वाटेत कोणी एक्सेलमध्ये उतरवून, हाताने दुरुस्त करून पुन्हा चढवत असेल, तर ते कुठल्याच टूलला दिसणार नाही. ती पायरी तुम्ही हाताने नोंदवा.

शोधाच्या चौकटीत देवनागरीत ‘येणं बाकी’ टाइप करून पाहा. तुमच्या वसुलीच्या लोकांनी व्याख्या मराठीत लिहाव्यात असं मी आग्रहाने सांगेन, कारण इंग्रजीत लिहायला सांगितलं की ते दोन शब्दांत उरकतात आणि मराठीत अडचणीसकट सगळं सांगतात. ते लिहिलेलं सापडलं पाहिजे.

कोटेशनवाल्यांना दोन गोष्टी लेखी विचारा. फक्त वाचणाऱ्या माणसाचंही लायसन लागतं का? लागत असेल तर स्टोअरमधला माणूस ते कधीच उघडणार नाही. आणि करार संपला तर आम्ही लिहिलेल्या व्याख्या सीएसव्ही किंवा जेसनमध्ये परत मिळतील का? टेबलांची नावं पुन्हा गोळा करता येतात. माणसांनी लिहिलेलं पुन्हा कोण लिहिणार?

परवानग्यांचं थोडक्यात. टूलला डेटाबेसचं ॲडमिन खातं देऊ नका. एसक्यूएल सर्व्हरवर टेबलांच्या व्याख्या वाचण्यापुरती परवानगी देऊन सुरुवात होते. पॉवर बीआयसाठी ॲडमिन पोर्टलमधून वेगळी मंजुरी लागते, ती आधीच मिळवून ठेवा. प्रोफाइलिंग, म्हणजे रकान्यांतल्या डेटाची आपोआप तपासणी, चालू केलंत तर टूल खऱ्या टेबलांवर क्वेरी चालवतं. ते रात्री आणि नमुन्यापुरतं ठेवा, नाहीतर डिस्पॅचच्या वेळी ईआरपी अडेल.

आणि नाव. ‘विक्री’ या व्याख्येसमोर एका माणसाचं नाव लिहा. विभागाचं चालणार नाही. तो माणूस विक्रीचा हवा, आयटीचा नको. हे नाव मालकांनी बैठकीत सगळ्यांसमोर जाहीर करावं. टूल बसवायला तुम्हाला काही दिवस लागतील. हे एक नाव ठरायला त्याहून जास्त लागेल, म्हणून त्याचीच सुरुवात या महिन्यात करा.

प्रश्न : मॅडम, नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत मी नोंदींचं काम पाहते. द्राक्ष निर्यात करतो. सभासदांचे आधार, बँक खातं, मोबाइल असं सगळं आमच्याकडे आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यासाठी मेटाडेटाचं टूल लागेल का?

उत्तर : कायदा टूल मागत नाही. पण सभासद उद्या म्हणाला, माझी माहिती दुरुस्त करा किंवा काढून टाका, तर ती कुठे कुठे आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं. शिवाय सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे यादी हवीच. तुमच्याकडे दोन-तीनच प्रणाली असतील तर ती साध्या स्प्रेडशीटमध्ये करा : कुठलं टेबल किंवा फाइल, कुठला रकाना, कशासाठी घेतला, कोण पाहू शकतं, कधी काढायचा. पेटीवरून प्लॉटपर्यंत माग काढायची शिस्त तुमच्या लोकांना निर्यातीमुळे आहेच, त्यांना हे जमेल.

उद्या टूल घेतलंत तरी वैयक्तिक माहितीच्या त्यातल्या आपोआप शोधावर विसंबू नका. ते रकान्याचं नाव आणि नमुना पाहून अंदाज बांधतं. ‘भ्रमण’ नावाच्या रकान्यात मोबाइल नंबर आहे हे त्याला कदाचित कळणार नाही. शेऱ्याच्या रकान्यात कोणी ‘मुलाचा नंबर’ म्हणून दहा आकडे लिहिले असतील, तेही सुटेल. जीएसटी क्रमांकही पाहा. त्याच्या पंधरा अक्षरांत तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो. सहावं अक्षर ‘पी’ असेल तर तो पॅन एखाद्या व्यक्तीचा आहे, म्हणजे तुमच्या व्यापाऱ्यांच्या साध्या यादीतही माणसांचे पॅन पडून आहेत. तो रकाना आजच यादीत वैयक्तिक म्हणून टाका, आणि ती यादी व्हॉट्सॲपवर फिरत असेल तर ते थांबवा.