चार वाजताचं रीडिंग

ख्रिस्तात प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मंगळवारी हातात पडलं. एरवी तू फोन करतेस. या वेळी चार पानं लिहिलीस, म्हणजे हे बरेच दिवस मनात खदखदत असणार. मी ते दोनदा वाचलं आणि मग काकूला वाचून दाखवलं. तिला सांगितल्याचं तुला वाईट वाटणार नाही, हे धरून चाललो आहे.

तुझा प्रश्न असा, की नाइट ड्यूटीला तुम्ही दोघी आणि पेशंट सव्वीस. दोनचं बीपी, पल्स, टेंपरेचर कसंबसं होतं. चारच्या राऊंडला सीनियर सिस्टर म्हणतात, ‘दोनचं बघ आणि थोडं मागंपुढं करून चारचं टाकून दे.’ तूही दोनदा तसं टाकलंस. पेशंट सुखरूप घरी गेले, कुणाचं काही बिघडलं नाही. पण त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या वेळी हात पुढं होईना, म्हणून तू मागच्या बाकावर बसून राहिलीस. आणि शेवटी विचारलंस, ‘काका, एवढ्याशा गोष्टीचा खरंच विश्वासाशी संबंध आहे का, की मी उगाच मनाला लावून घेतेय?’

संबंध आहे. उगाच लावून घेतलेलं नाहीस.

दहा आज्ञांतली नववी मीच तुझ्याकडून रविवारच्या शब्बाथ शाळेत पाठ करून घेतली होती. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. तेव्हा साक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कोर्टच यायचं. पण चार्ट म्हणजे साक्षच आहे. सकाळी डॉक्टर येतात, पेशंटला नीट बोलता येत नसतं, आणि रात्री त्या देहात काय झालं हे सांगणारा तो एकच कागद असतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला आतून रक्तस्राव होऊ लागला, तर नाडी चढत जाते आणि बीपी उतरत जातं, हे तूच मला एकदा समजावून सांगितलं होतंस. दोनला सुरू झालेला उतार चारला दिसायचा असतो, आणि नेमकी तीच ओळ मनानं भरलेली असते.

आता माझं ऐक. हे मी आजवर काकू आणि आपल्या चर्चचे तेव्हाचे पाळकसाहेब सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

मी साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होतो, हे तुला माहीत आहे. कुठल्या कारखान्यात, ते राहू दे. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. गळीत हंगामात रात्रभर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचं, गव्हाणीवर ऊस उतरला की रिकाम्या गाडीचं वजन करायचं. फरक निघेल तो ऊस. त्या आकड्यावर शेतकऱ्याचं बिल ठरायचं आणि तोडणाऱ्या जोडप्याची मजुरीही टनावरच ठरायची. एका रात्री वरून सांगणं आलं, की गाडीमागं वजन कमी धरत चला. ऊस कमी लिहिला की साखरेचा उतारा, म्हणजे टनामागं निघालेली साखर, वाढलेला दिसतो. याला आमच्याकडं काटामारी म्हणतात, आणि हा शब्द तिकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतो. घरी नवं लग्न होतं, नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी कमी धरत गेलो. जवळजवळ दोन महिने.

पहाटे तीनच्या सुमाराची गोष्ट. बीडकडच्या टोळीतली एक बाई पावती घ्यायला खिडकीशी आली. पाठीवर फडक्यात बांधलेलं पोर होतं आणि केसांत उसाचं पाचट अडकलेलं होतं. तिनं पावती नवऱ्याकडं दिली नाही. माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, ‘दादा, काल नव्वद मोळ्या व्हत्या, आज शंभर भरल्यात. वजन तेवढंच कसं?’ तिला वाचता येत नव्हतं, पण मोळ्या तिनं स्वतः बांधल्या होत्या, स्वतः डोक्यावरून वाहिल्या होत्या. मी वर न बघता म्हणालो, ‘ऊस वाळलाय, बाई.’ वाळलेला ऊस हलका भरतो हे खरंच आहे. म्हणूनच ते खोटं इतकं सहज खपलं. ती क्षणभर उभी राहिली, पोराला वर सरकवलं आणि गेली.

त्याच रविवारी शब्बाथ शाळेत एका सात वर्षांच्या मुलानं माझ्यासमोर उभं राहून दहाच्या दहा आज्ञा घडाघडा म्हटल्या. मी त्याला शाबासकी दिली, बाहेर आलो, आणि चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. पोटात कालवत होतं.

पाळकसाहेबांकडं गेलो. त्यांनी मला धीरही दिला नाही आणि झोडपलंही नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘उद्या रात्री काट्यावर कोण बसणार?’ मी म्हटलं, ‘मीच.’ म्हणाले, ‘मग उद्याचं वजन खरं लिही. प्रार्थना आत्ता करू.’

दुसऱ्या रात्रीपासून मी जे भरलं ते लिहिलं. आठ दिवसांत मला काट्यावरून उचलून गोदामात टाकलं. नोकरी कायम व्हायला आणखी दोन हंगाम लागले. त्या दिवसांत काकूनं ब्लाउज शिवून घर चालवलं. हे तुला घाबरवायला सांगत नाही. पण आज्ञा पाळली की लगेच सगळं सुरळीत होतं असं कुणी सांगत असेल, तर त्यावर विसंबू नकोस. आपल्या प्रभूनं तसं वचन कुठंही दिलेलं नाही. त्यानं स्वतः आज्ञा पाळली ती वधस्तंभापर्यंत.

योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलं आहे, की देवाच्या आज्ञा कठीण नाहीत. हे वचन मला पुष्कळ वर्षं पटत नसे. गोदामात पोत्यांची मोजदाद करताना एकदा उमगलं. काट्यावर असताना मला रोज आठवावं लागायचं, की कुणाला काय सांगितलं, कुठल्या गाडीला किती धरलं, कोण विचारायला येईल. छातीवर दगड असायचा. गोदामात मान कमी होता, पण रात्री अंग टाकलं की झोप लागायची. ओझं आज्ञेचं नव्हतंच.

आणखी एक गोष्ट नीट बघ. बायबलमधल्या निर्गमच्या विसाव्या अध्यायात आज्ञा सुरू होण्याआधी एक वाक्य येतं, आणि पाठ करताना आपण ते बऱ्याचदा गाळतो. मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं, असं देव आधी म्हणतो आणि मगच ‘करू नको’ची यादी येते. म्हणजे सुटका पहिली. आज्ञा पाळल्या म्हणून इस्राएल सुटलं नाही. सुटलेल्या लोकांनी पुन्हा मिसरच्या राजाच्या, फारोच्या रीतीनं जगू नये, म्हणून आज्ञा मिळाल्या. फारोच्या विटांच्या कामातही आकडाच महत्त्वाचा होता बघ, माणूस नव्हता. तुझ्या वॉर्डात सव्वीस पेशंटना दोघी पुरत नाहीत, तरी चार्ट मात्र पूर्ण दिसायला हवा, हा त्यातलाच प्रकार. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू म्हणाला, माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल. तेही शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर म्हणाला. आधी त्यानं धुतले.

रविवारच्या ड्यूटीबद्दल तू मध्येच एक ओळ लिहिली आहेस. त्याची काळजी सोड. हात वाळलेल्या माणसाला प्रभूनं शब्बाथ म्हणजे विसाव्याच्या दिवशीच, सभास्थानात, सगळ्यांच्या देखत बरं केलं. ड्यूटी असेल त्या रविवारी ड्यूटी कर, आणि आठवड्यातली एखादी संध्याकाळ प्रभूसाठी राखून ठेव. मात्र ओव्हरटाइमसाठी मागून घेतलेला रविवार निराळा, तेवढं मनाशी तपास.

तुझ्या चार्टवरून मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव सगळीकडं झालं, त्यांच्यावर बोलणारे दुष्काळातल्या मुलींना वाचवलं तेच सांगतात, आणि ते मोठंच आहे. पण मला त्यांची शेवटची वर्षं जास्त शिकवतात. इब्री आणि ग्रीक शिकून त्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या, शब्द न् शब्द, वर्षानुवर्षं. साध्या बाईला वाचून कळलं पाहिजे, हा ध्यास होता. १९२१ साली मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, गेली. बाईंनी काम सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. छपाई केडगावलाच, तिथल्या मुलींच्या हातून झाली. टाळ्या नाहीत, सभा नाही. एका टेबलाशी बसून रोजचं पान खरं लिहायचं. तुझा चार्ट मला त्या पानासारखा वाटतो.

आणि आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, बाईंचा १९०० चा. पण जातपात माणसानं केलेली आहे हे पटल्यावर त्यांनी सगळ्यांच्या हातचं खायला सुरुवात केली, ती बाप्तिस्म्याच्या आधीच. जेवढं कळलं तेवढं लगेच पाळलं, मग पुढचं कळत गेलं. आपल्याकडं उलटं चालतं. कळतं सगळं, आणि पहिलंच पाळायचं राहून जातं.

आता कामाचं बोलतो. सीनियर सिस्टरांना उपदेश करू नकोस. त्या तुझ्याहून जास्त रात्री जागल्या आहेत आणि त्यांची कंबर मोडली आहे. त्यांना म्हण, ‘सिस्टर, चारला मी ऑपरेशनचे आणि सीरियस पेशंट आधी घेते, बाकीचे जमतील तसे.’ जे घेतलं ते लिही. जे घ्यायला जमलं नाही, तिथं आकडा टाकू नकोस, घेतलं नाही असं लिहून सही कर आणि हँडओव्हरला तोंडानं सांग. बोलणी बसतील. बसू देत. महिनाभर तसं झालं, की त्या रिकाम्या जागाच इनचार्ज सिस्टरांना सांगतील की माणसं कमी पडताहेत. आजवर भरलेल्या चार्टमुळं ते कुणाला दिसलंच नाही. आणि मागच्या दोन वेळचंही त्यांच्या कानावर घाल. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नकोस, फक्त स्वतःचं सांग. यासाठी पाय लटपटतील. आदल्या रात्री मला फोन कर, मी आणि काकू त्या वेळी प्रार्थनेला बसू.

प्रभुभोजनापासून मात्र दूर राहू नकोस. शिष्य पेत्रानं प्रभूला ओळखत नाही म्हणून नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता. योहानानं तो विस्तव मुद्दाम नोंदवला आहे. पुढं पुनरुत्थानानंतर समुद्राच्या काठी प्रभूनं शिष्यांसाठी न्याहारी केली, तीही कोळशाच्या विस्तवावर. वास तोच असणार. पेत्राला काय आठवलं असेल, विचार कर. त्याच जागी त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय? आणि तिन्ही वेळा काम दिलं, माझी मेंढरं चार, सांभाळ. तुझी सव्वीस आहेत. येत्या पहिल्या रविवारी पुढं ये.

त्या बाईचं राहिलं. पुढच्या हंगामात मी मुकादमाकडं चौकशी केली, तर टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली होती. त्यानंतरही दोनतीन वर्षं विचारत राहिलो. नाव मी पावतीवर कधी वाचलंच नव्हतं. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयानं चौपट परत केलं, कारण कुणाचं घेतलं ते त्याला ठाऊक होतं. मला तेवढंही शक्य झालं नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा भरते, तिथं दर हंगामात वह्या आणि स्वेटर नेऊन देतो. त्यानं ते फिटलं असं मी मानत नाही. पाठीवर पोर बांधलेली बाई दिसली की अजून तिच्या तोंडाकडं बघतो. आता ती म्हातारी झाली असेल, हे लक्षात राहत नाही.

तू सात नंबरच्या आजींबद्दल लिहिलं आहेस, रात्री हात धरून ठेवतात म्हणून. आज रात्री चारला त्यांच्यापासून सुरुवात कर. बीपीचा कफ बांधताना त्या जाग्या झाल्या तर माझा सलाम सांग.

काकूनं शेवेचे लाडू केले आहेत, शनिवारी तुझा भाऊ येईल त्याच्याबरोबर पाठवतो.

तुझा,
काका