वाचकांचे प्रश्न : झार कोणामुळे गेला आणि सत्ता कोणाकडे आली?

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात गेल्या महिन्यात रशियन क्रांतीवर चर्चा झाली. लेनिनने झारची राजवट उलथून टाकली, असे बहुतेकांचे मत होते. एका ज्येष्ठ सभासदांनी मात्र झार गेला तेव्हा लेनिन रशियातच नव्हता, असे सांगितले. यांपैकी बरोबर काय? (एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : आपल्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे बरोबर आहे. झार दुसरा निकोलस पदच्युत झाला तेव्हा लेनिन झुरिकमध्ये होता आणि पुढे त्याच्याबरोबर क्रांतीचे नेतृत्व करणारा ट्रॉट्स्की न्यूयॉर्कमध्ये. त्याच वर्षीच्या जानेवारीत झुरिकमधील तरुणांपुढे बोलताना लेनिनने, येऊ घातलेल्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आपल्या पिढीला कदाचित पाहायला मिळणार नाहीत, अशी शंका बोलून दाखवली होती. पुण्यामुंबईत लेनिनचे नाव फार आधीपासून आदराने घेतले जाते. 1908 साली लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध सहा दिवसांचा संप केला, तेव्हा परदेशात राहून त्या संपाची दखल घेणाऱ्यांत तो होता. बहुधा या जुन्या आत्मीयतेमुळेच आपल्याकडे 1917 मधील सगळेच त्याच्या नावावर जमा होते.

झारच्या पतनाची सुरुवात राजधानी पेत्रोग्रादमधील कापड गिरण्यांतून झाली. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे 23 फेब्रुवारी 1917 रोजी, म्हणजे आपल्या दिनदर्शिकेच्या 8 मार्चला, महिला दिनाच्या दिवशी गिरण्यांतील बायका पाव मिळावा म्हणून रस्त्यावर उतरल्या. प्रचंड मोठ्या पुतिलोव्ह कारखान्याने त्याच सुमारास कामगारांना टाळेबंदी केली होती, त्यामुळे तेही संपात मिसळले आणि दोन दिवसांत संपकऱ्यांची संख्या दोन लाखांवर गेली. झारने गोळीबाराचा हुकूम दिला व तो पाळलाही गेला. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी वोलिन्स्की पलटणीने बंड केले आणि संध्याकाळपर्यंत शहरातील बहुतेक पलटणी लोकांच्या बाजूला गेल्या. माझ्या मते निर्णायक क्षण हाच होता. 1905 च्या उठावातून राजसत्ता तगली, कारण तेव्हा सैन्याचा मोठा भाग तिच्याशी एकनिष्ठ राहिला. 1917 मध्ये तोच आधार निखळला.

यानंतरचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. 1915 पासून झारने सैन्याचे सेनापतिपद स्वतःकडे घेतले होते, त्यामुळे पहिल्या महायुद्धातील प्रत्येक पराभवाचा दोष थेट त्याच्यावर येई. मोगिल्योव्हच्या लष्करी मुख्यालयातून राजधानीकडे परतताना त्याची आगगाडी अडली आणि ती प्स्कोव्हला वळवावी लागली. तेव्हा मुख्यालयातून जनरल अलेक्सेयेव्ह यांनी आघाड्यांवरच्या सेनापतींकडून तारेने मते मागवली असता सगळ्यांनी, अगदी झारच्या चुलत्यानेही, राजत्यागाचाच सल्ला दिला. 2 मार्चच्या (15 मार्च) रात्री त्याने स्वतःच्या आणि रक्तस्रावाच्या आजाराने ग्रासलेल्या मुलाच्या वतीने गादी सोडून ती भाऊ मिखाईलला दिली. मिखाईलने दुसऱ्या दिवशी ती नाकारली. 1613 पासून चालत आलेली रोमानोव्ह राजवट अशी अवघ्या आठवडाभरात संपली, आणि तिच्यासाठी लढायला कोणीही पुढे आले नाही.

प्रश्न : झारनंतर आलेले सरकार लोकशाहीवादी होते, तरी ते आठ महिन्यांतच का कोसळले? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, नवी पेठ, पुणे)

उत्तर : झारनंतर आलेल्या या हंगामी सरकारचा हेतू प्रामाणिक होता, हे आधी मान्य केले पाहिजे. त्याने राजकीय कैदी सोडले, भाषण व संघटनेचे स्वातंत्र्य दिले आणि स्त्रियांना मताधिकार दिला. परंतु त्याच्या हाती पूर्ण सत्ता कधीच नव्हती. कामगार व सैनिकांच्या प्रतिनिधींची पेत्रोग्राद सोव्हिएट सुरुवातीला त्याच तावरिदा राजवाड्यात बसत होती, आणि रेल्वे, तारखाते व पलटणी सरकारपेक्षा तिचेच अधिक ऐकत.

त्यातच लोकांना ज्या तीन गोष्टी तातडीने हव्या होत्या, म्हणजे शांतता, जमीन आणि पाव, त्यांपैकी एकही या सरकारला देता आली नाही. जमिनीचा निर्णय निवडून येणाऱ्या संविधान सभेने घ्यावा, ही भूमिका कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होती. पण तिची निवडणूकच लांबत गेली, आणि तोवर शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या जमिनी स्वतःच वाटून घ्यायला सुरुवात केली. 1861 साली भूदासपणातून सुटका झाल्यावरही ज्यांनी त्या जमिनीपोटी दशकानुदशके हप्ते भरले होते, त्यांनी आणखी थांबावे ही अपेक्षाच चुकीची होती, असे मला ठामपणे वाटते. युद्ध चालूच ठेवण्याचा निर्णय मात्र सर्वांत घातक ठरला. सरकारचा युद्धमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेल्या केरेन्स्कीने जूनमध्ये गॅलिशियात केलेला हल्ला फसला आणि सैनिक बंदुका टाकून गावी परतू लागले. ऑगस्टच्या अखेरीस सरसेनापती जनरल कोर्निलोव्हच्या फौजा राजधानीवर चालून येऊ लागल्या, तेव्हा त्यांना अडवायला केरेन्स्कीला लेनिनच्या पक्षाची, म्हणजे बोल्शेविकांचीच, मदत घ्यावी लागली. जुलैत ज्यांच्या नेत्यांना त्याने तुरुंगात टाकले होते, त्यांच्याच समर्थकांच्या हाती आता शस्त्रे आली आणि सप्टेंबरमध्ये पेत्रोग्राद व मॉस्को या दोन्ही सोव्हिएटमध्ये बोल्शेविकांचे बहुमत झाले. 25 ऑक्टोबरला (7 नोव्हेंबर) बोल्शेविकांनी सत्ता घेतली, तेव्हा सरकार जेथे बसत होते त्या हिवाळी राजवाड्याच्या रक्षणासाठी प्रामुख्याने काही लष्करी छात्र आणि स्त्री-सैनिकांची एक तुकडीच उरली होती.

परीक्षेसाठी एक सूचना : जुने पंचांग तेरा दिवस मागे असल्यामुळे फेब्रुवारी क्रांती आपल्या मार्चमध्ये आणि ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये येते. नवी दिनदर्शिका फेब्रुवारी 1918 मध्ये लागू झाली.

प्रश्न : बोल्शेविकांना खरोखर जनतेचा पाठिंबा होता का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : मोठ्या शहरांत आणि सैन्याच्या काही आघाड्यांवर तो निश्चितपणे होता, देशभर मात्र नव्हता. ऑक्टोबरनंतर महिन्याभरातच झालेल्या संविधान सभेच्या निवडणुकीत त्यांना सुमारे एक चतुर्थांश मते मिळाली; सर्वांत मोठा पक्ष शेतकऱ्यांमध्ये रुजलेल्या समाजवादी क्रांतिकारकांचा ठरला. ही सभा 5 जानेवारी 1918 रोजी (18 जानेवारी) एकदाच भरली. दुसऱ्या दिवशी सभासदांना दरवाजे बंद आढळले, आणि सभेच्या समर्थनार्थ निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला होता. ऑक्टोबरमध्ये सत्ता घेताना जमीन व शांततेचे जे हुकूम काढले गेले, त्यांमुळे लोक बोल्शेविकांकडे वळले हे खरे आहे. परंतु एकपक्षीय राजवटीचा पाया पुढे पेटलेल्या यादवी युद्धाच्या आधीच, सभा बंद पाडण्यात आणि डिसेंबर 1917 मध्येच स्थापन झालेल्या चेका या गुप्त पोलीस दलात घातला गेला होता, असे माझे मत आहे. यादवी युद्धाने ती राजवट अधिक कठोर केली, इतकेच.

या मताला क्रोन्श्टाटचा आधार आहे. 1917 मध्ये या नाविक तळावरील खलाशी क्रांतीचे सर्वांत उत्साही समर्थक होते. मार्च 1921 मध्ये त्याच तळावरून सोव्हिएटच्या नव्या, गुप्त मतदानाने निवडणुका घ्याव्यात आणि कामगार-शेतकऱ्यांना भाषणस्वातंत्र्य मिळावे, अशी मागणी झाली. सरकारने गोठलेल्या समुद्रावरून लाल सैन्य पाठवून ते बंड मोडून काढले आणि त्याच महिन्यात शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य वसूल करणे थांबवून त्याऐवजी ठरावीक कर लावला. आर्थिक सवलत दिली गेली, पण निवडणुकांची मागणी मान्य झाली नाही.