जुनी खिडकी भिंतीवर लावताना

भिंतीवर सजावटीला टांगायची जुनी लाकडी खिडकी घ्यायला मुंबईत चोर बाजार किंवा ओशिवरा फर्निचर मार्केटला जात असाल, तर सकाळी उजेडात जा आणि खिडकी पालथी करून बघा. मागच्या बाजूला बारीक भोकं दिसली आणि ठोकल्यावर ताजा भुसा पडला, तर कीड अजून जिवंत आहे. नुसती जुनी भोकं असली तर घाबरू नका. दुकानदार सगळ्यालाच सागवान म्हणतात. रंगाखाली नखाएवढं खरवडून पाहायची परवानगी मागा.

रंगाचं मात्र गांभीर्याने घ्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडा सँडपेपर घरात अजिबात नको. पाणी मारून घासा, चांगला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा.

गोव्याकडची शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी मिळाली तर भाग्यवान आहात. (काच महाग होती तेव्हा हेच लावत.) ती फक्त ओलसर फडक्याने पुसा, ॲसिड लावू नका, शिंपला विरघळतो.

सागवानी चौकट जड असते. प्लायच्या पार्टिशनवर टांगू नका, विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) लावा. आरसा बसवायचाच असेल तर आधी बिजागऱ्या घट्ट करून घ्या.