कोकणकड्याचं प्रोफाइल: पायऱ्या का पडतात आणि कडा तिरका का दिसतो

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका रेषेवरच्या उंचीचा आलेख (प्रोफाइल) काढताना तुमच्या तक्रारी तीन: आलेख पायऱ्यापायऱ्यांचा येतो, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नुसत्या उतारासारखा दिसतो, आणि फोनवर नोंदलेली उंची एसआरटीएमपेक्षा (अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीच्या डेटापेक्षा) ६०-७० मीटर कमी भरते. पहिली आणि तिसरी सुटेल. दुसरी या डेटावर पूर्ण सुटणार नाही.

आधी पायऱ्या. तुम्ही रेषेवर दर ५ मीटरला बिंदू टाकलेत, पण डीईएमचा (एसआरटीएमच्या उंचीच्या रास्टरचा, म्हणजे प्रत्येक चौकटीत एकच उंची असलेल्या जाळीचा) एक पिक्सेल साधारण ३० मीटरचा आहे. 'सॅम्पल रास्टर व्हॅल्यूज' हे टूल बिंदू ज्या पिक्सेलमध्ये पडतो त्याचाच आकडा उचलतं, त्यामुळे ओळीने पाच-सहा बिंदूंना एकच उंची मिळते. 'पॉइंट्स अलाँग जॉमेट्री'मध्ये अंतर ३० ठेवा. त्याआधी डीईएम 'वॉर्प'ने आणि रेषेचा लेयर 'रिप्रोजेक्ट लेयर'ने यूटीएम ४३ उत्तरमध्ये (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत, कोड ईपीएसजी ३२६४३) न्या; रेषा अंशांतच राहिली तर अंतरंही अंशांत मोजली जातील. 'वॉर्प'मध्ये रिसॅम्पलिंग (नव्या पिक्सेलांची उंची जुन्यांवरून काढण्याची रीत) मुळात 'निअरेस्ट नेबर' असतं, ते 'बायलिनियर' करा आणि रिझोल्यूशन ३० द्या. हे राहिलं तर काही पिक्सेल दोनदा येतात, काही गळतात, आणि पायऱ्या पुन्हा हजर. (नागपूरकडचं काम असेल तर ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला ३२६४४ लागेल.) सपाटीवर एकेका मीटरच्या बारीक पायऱ्या तरीही राहतील, कारण एसआरटीएमच्या उंच्या पूर्ण मीटरमध्येच आहेत. एक्सेलमधली 'स्मूद लाइन' मात्र वापरू नका. कड्याच्या काठाशी ती वक्र रेषा वर उसळते आणि जमिनीवर नसलेला उंचवटा काढून दाखवते.

फोनचा फरक ही चूक नाही. अँड्रॉइडची मूळ उंची एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीचा गणिती, किंचित चपटा गोल) असते, एसआरटीएमची ईजीएम९६ जिऑइडपासूनची (साधारण सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग), आणि आपल्या भागात जिऑइड एलिप्सॉइडच्या बरंच खाली आहे. तेवढी दुरुस्ती करून मगच तुलना करा.

आता कडा. समजा ४०० मीटरचा सरळ तुटलेला कडा आहे. डीईएममध्ये ती उतरण चार पिक्सेलांत, म्हणजे १२० मीटरांत पसरली, तर उतार ७३ अंशांचा निघतो. शिवाय एका पिक्सेलला एकच उंची, त्यामुळे कोकणकड्याची आत गेलेली पोकळी रास्टरमध्ये मावतच नाही. तुमच्या हातात आहे ती रेषेची दिशा. आधी २० मीटरच्या समोच्च रेषा काढा आणि छेदरेषा (आलेखाची रेषा) त्यांना काटकोनात न्या. कडा अर्धगोल असल्याने एका जागी काटकोनात असलेली रेषा थोडी सरकवली की तिरकी होते आणि उतार आणखी सौम्य दिसतो. 'आलेख उभा ताणला की कडा दिसतो' हा सल्ला मिळेल. ताणा, पण प्रमाण लिहा. आडवं १ सेंमी = ५०० मीटर आणि उभं १ सेंमी = २५० मीटर असेल तर ताण दुप्पट.

नुसतं पाहायचं असेल तर एवढा खटाटोप नको. क्यूजीआयएस ३.२६ पासून 'व्ह्यू' मेनूत 'एलिव्हेशन प्रोफाइल' आहे. खिडकी कोरी राहिली तर लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एलिव्हेशन' टॅबवर 'रिप्रेझेंट्स एलिव्हेशन सरफेस'ची खूण पाहा. बहुतेक वेळा तीच राहिलेली असते. आणि रेषा मध्येच −३२७६८ वर कोसळली तर तिथे डेटाच नाही: 'ट्रान्सपरन्सी' टॅबमध्ये तो आकडा 'नो डेटा' म्हणून टाका.